मोबाइलवर मॅच पाहणाऱ्यांच्या माहितीचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयपीएल जवळ आली की रिचार्जसोबत स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन घेतलं जातं, ओटीपी टाकला जातो, 'मला मान्य आहे' दाबलं जातं आणि घर टॉसकडे वळतं. नेमकं काय मान्य केलं, हा प्रश्न नंतर पडतो: अनोळखी कंपन्यांचे फोन सुरू झाले की, खात्यातून आपोआप पैसे गेले की, किंवा मुलाच्या हातातल्या फोनवर भलतीच जाहिरात दिसली की. इथली उत्तरं मुख्यतः भारतातल्या ग्राहकांसाठी आहेत. परदेशात राहून क्रिकेट पाहणाऱ्यांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगतो: पैसे भरणाऱ्या प्रेक्षकाच्या घरातल्या सवयी जाहिरातदारांना विकायचा माल होऊ नयेत, आणि त्यासाठी डेटा संरक्षणाचा नवा कायदा पूर्ण लागू होईपर्यंत थांबायची गरज नाही.

ॲपला माझ्याबद्दल नेमकं काय कळतं?

काही गोष्टी तुम्ही स्वतः देता: मोबाइल नंबर, नाव, कधी वय, कधी ईमेल. काही गोष्टी फोन सांगतो: मॉडेल, नेटवर्क, आयपी पत्त्यावरून साधारण ठिकाण आणि जाहिरातींसाठी असलेला ॲडव्हर्टायझिंग आयडी. तिसरा साठा तुमच्या वागण्यातून तयार होतो आणि तो सगळ्यात मोठा असतो. सामना सुरू असताना ॲप ठरावीक अंतरानं सर्व्हरला कळवत राहतं की तुम्ही अजून पाहताय, चित्र कोणत्या दर्जाचं आहे, कुठे अडकलं. त्यातून तुम्ही कितव्या षटकात आलात, कोण बाद झाल्यावर निघून गेलात, रात्री किती वाजेपर्यंत जागे होतात, हेही नोंदलं जातं.

यातलं काही खरंच लागतं. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. एवढ्या गर्दीत चित्र कुठे अडकतंय हे कळल्याशिवाय सेवा चालणार नाही. प्रक्षेपणाचे हक्क देशानुसार विकले जातात, म्हणून तुम्ही भारतात आहात की नाही हे तपासणंही रास्त आहे. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. 2023 पासून आयपीएल मराठी समालोचनासह ऑनलाइन पाहता येते, ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट. पण मराठी फीड, पिनकोड आणि फोनची किंमत या तीन गोष्टी जोडल्या की 'पुण्याच्या उपनगरातलं, मराठी बोलणारं, मध्यम उत्पन्नाचं घर' असा अंदाज बांधता येतो. ही माहिती तुम्ही कुणालाच दिलेली नसते. ती तुमच्याबद्दल तयार केली जाते आणि 'माझी माहिती दाखवा' म्हटल्यावर बहुतेकदा नेमकी तीच दाखवली जात नाही.

मी पैसे भरतो. मग जाहिराती आणि पाळत कशाला?

कारण सबस्क्रिप्शनच्या पैशातून क्रिकेटचे हक्क परवडत नाहीत. 2023 ते 2027 या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. ती रक्कम वसूल करायची म्हणजे दोन षटकांमधली जागा जास्तीत जास्त भावानं विकायची. टीव्हीवर सगळ्यांना एकच जाहिरात दिसते. स्ट्रीमिंगमध्ये सर्व्हर प्रत्येकाच्या प्रवाहात वेगळी जाहिरात जोडू शकतो. एकाच इमारतीत तुम्हाला कार दिसेल आणि शेजारच्यांना गृहकर्ज. भाव मिळतो तो या नेमकेपणाला.

कंपनीची ही अडचण मला कळते. तरीही जाहिरात दाखवणं आणि माणसाचा माग ठेवून जाहिरात दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सामना पाहून सामन्याला साजेशी जाहिरात दाखवता येते. दूरदर्शनवर वर्षानुवर्षं तेच होत आलं आहे.

'आम्ही नंबर हॅश करून देतो, त्यामुळे ओळख पटत नाही' असं धोरणात लिहिलेलं असतं. हे खरं का?

अर्धंच. हॅश म्हणजे नंबर एका सूत्रातून घालून मिळालेली अक्षरांची लांब माळ. त्या माळेवरून नंबर थेट वाचता येत नाही, हे खरं. पण तोच नंबर त्याच सूत्रातून घातला की प्रत्येक ठिकाणी तीच माळ येते आणि जुळवणी नेमकी यावरच चालते. कपड्यांच्या दुकानात बिल करताना दिलेला नंबर आणि मॅच पाहायला दिलेला नंबर हॅश होऊन एकत्र आले, की दुकानाच्या गिऱ्हाइकाला सामन्यात गाठता येतं.

आणखी एक गोष्ट. भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि 6, 7, 8 किंवा 9 नं सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. ऐकायला आकडा मोठा, पण संगणकाला किरकोळ. सूत्र माहीत असेल आणि त्यात गुपित अंक मिसळलेले नसतील, तर सगळ्या 400 कोटी नंबरांचे हॅश काढून यादी उलटी वाचता येते. म्हणून हॅशच्या भरवशावर निर्धास्त राहू नका. दुकानात बिलासाठी नंबर देणं बंधनकारक नाही. 'नंबर द्यायचा नाही' हे शांतपणे सांगा, बिल मिळतं.

फोनवर आज करता येण्याजोगं: अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'खाली 'ॲड्स' उघडून ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. काही फोनवर हे 'गुगल'खाली सापडतं. आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'ट्रॅकिंग' बंद करा. जाहिराती थांबणार नाहीत, पण वेगवेगळ्या ॲपमधली तुमची माहिती एकत्र जोडणं अवघड होईल.

नवा कायदा आला आहे ना? मग काळजी कशाची?

कायदा आहे आणि त्यात चांगलं बरंच आहे. सर्वोच्च न्यायालयानं 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. या नियमांत टप्पे आहेत: तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या तरतुदी लगेच, संमती व्यवस्थापकांच्या (ग्राहकाच्या वतीनं संमती देणं-मागे घेणं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थांच्या) तरतुदी वर्षभरानं, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये. ग्राहकाला ज्याची खरी गरज आहे तेच शेवटच्या टप्प्यात आहे.

तोवर आधार आहे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 अ चा आणि 2011 च्या नियमांचा. त्यांत पासवर्ड, बँक व कार्डाचे तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे अशा माहितीला 'संवेदनशील' म्हटलं आहे. तुम्ही काय पाहता, कधी पाहता आणि तुमचा मोबाइल नंबर यांचा त्या यादीत समावेश नाही. ही उणीव मला फार खटकते, कारण क्रिकेट पाहणाऱ्याबद्दलची बहुतेक माहिती नेमकी याच प्रकारची असते.

नव्या कायद्यातल्या काही गोष्टी मात्र आताच पाठ करून ठेवाव्यात. संमती मुक्त, विशिष्ट आणि बिनशर्त हवी, आणि सेवेसाठी गरजेच्या माहितीपुरतीच ती धरली जाईल. संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं. आपली कोणती माहिती आहे आणि ती कोणाकोणाला दिली, हे विचारता येईल. ती दुरुस्त करायला आणि पुसायला सांगता येईल. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. समालोचन मराठीत देता येतं, तर अटीही मराठीत देता आल्याच पाहिजेत.

दोन मर्यादाही ध्यानात घ्या. कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. आणि सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याची मुभा आहे.

दोन ॲप एक झाले. माझी जुनी माहिती कुठे गेली?

14 फेब्रुवारी 2025 रोजी जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार सुरू झालं. विलीनीकरणात ग्राहकांची माहिती नव्या कंपनीकडे जाईल, असं कलम बहुतेक कंपन्यांच्या धोरणांत आधीपासून असतं. नव्या कायद्यातही न्यायालयानं किंवा न्यायाधिकरणानं मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी सवलत ठेवली आहे. त्यामुळे कोणतंही ॲप दुसऱ्यात मिसळलं, की नव्या ॲपच्या सेटिंग्ज पहिल्यापासून तपासा. जुन्या ठिकाणी बंद केलेला पर्याय नव्या ठिकाणी बंदच असेल, असं धरून चालू नका.

जुना मोबाइल नंबर बंद केला. खात्याचं काय?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, पण धोका खरा आहे. आपल्याकडे खातं उघडतं ते नंबर आणि ओटीपीवर. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस कुणाला दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. त्या माणसानं तेच ॲप उघडलं आणि ओटीपी मागवला, तर तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. तुमचे प्रोफाइल, मुलांची नावं, काय पाहिलं त्याची यादी, सगळं त्याच्यासमोर. यात त्याचा काही दोष नाही.

नंबर सोडण्याआधी क्रम असा ठेवा: खात्यात नवा नंबर घाला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, मग सिम बंद करा. घरातल्या वृद्धांच्या नावावरची रिचार्ज न झालेली सिमं विशेष तपासा. आजोबांच्या नंबरावर घेतलेलं सबस्क्रिप्शन आणि त्यांच्या पश्चात बंद पडलेला नंबर, हे चित्र घरोघरी आहे. मृत्यूनंतर आपल्या माहितीबाबतचे हक्क कोणी बजावायचे, यासाठी वारस नेमण्याची सोय नव्या कायद्याच्या कलम 14 मध्ये आहे.

मुलं माझ्याच फोनवर मॅच पाहतात. काय काळजी घ्यावी?

या प्रश्नावर मी सौम्य बोलू शकत नाही. नववीतला मुलगा सामना पाहतो, तेव्हा ॲपच्या लेखी पाहणारा असतो चाळिशीतला खातेधारक. त्यामुळे मोठ्यांसाठी ठरवलेली जाहिरात मुलाच्या डोळ्यांसमोर येते आणि मुलाच्या सवयी वडिलांच्या नोंदीत जमा होतात. कित्येक हंगाम सामन्यांच्या मध्ये पैसे लावून खेळायच्या ॲपच्या जाहिराती चालल्या, त्याही आवडत्या खेळाडूंच्या चेहऱ्यांनिशी. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैशांचे खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्हींवर बंदी आली. हे व्हायलाच हवं होतं. मात्र बेटिंगच्या परदेशी साइट दुसऱ्याच नावानं, 'न्यूज' किंवा 'स्पोर्ट्स' असं बिरुद लावून डोकावतात. तशी जाहिरात दिसली, तर स्क्रीनशॉट काढून तक्रार करा.

डेटा कायद्याच्या कलम 9 नुसार 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल. त्यांचा माग काढणं आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवणं यांना मनाई असेल. दंड 200 कोटींपर्यंत. आजच्या आज करता येईल ते असं: मुलासाठी वेगळं किड्स प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. किड्स प्रोफाइलमध्ये थेट सामना दिसत नसेल, तर मुलानं तो मोठ्या टीव्हीवर सगळ्यांसोबत पाहावा. तेवढ्यासाठी त्याच्या नावानं नवं खातं काढून खोटी जन्मतारीख घालू नका.

सामन्यासोबत 'पुढच्या चेंडूवर काय होईल' अशी स्पर्धा येते. खेळावं का?

गंमत म्हणून हरकत नाही, पण त्यासाठी नाव, शहर, वय मागितलं तर थांबा. बक्षीस एखाद्याला मिळतं, माहिती सगळ्यांची जमा होते.

ॲप लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, मायक्रोफोन मागतं. द्यायचं का?

कॉन्टॅक्ट्स नाही. मायक्रोफोन फक्त बोलून शोध घ्यायचा असेल त्या वेळेपुरता. लोकेशन 'ॲप वापरतानाच' आणि 'अंदाजे' एवढंच ठेवा.

हा अतिरेक वाटत असेल तर स्पेनची हकीकत ऐका. तिथल्या ला लिगा या फुटबॉल लीगचं अधिकृत ॲप लाखो चाहत्यांच्या फोनवर होतं. सामन्यांच्या वेळी ते फोनचा मायक्रोफोन आणि लोकेशन वापरून आजूबाजूच्या बारमध्ये चोरीचं प्रक्षेपण चालू आहे का, याचा छडा लावत होतं. चाहता स्कोअर पाहायला गेला आणि त्याला न जाणवता खबऱ्या झाला. जून 2019 मध्ये स्पेनच्या डेटा संरक्षण संस्थेनं लीगला अडीच लाख युरोंचा दंड केला. मायक्रोफोन चालू होतोय हे चाहत्यांना पुरेसं स्पष्ट कळत नव्हतं, असा संस्थेचा आक्षेप होता. लीगनं तो मान्य केला नाही: आवाजाचा फक्त ठसा घेतला जातो, संभाषण ऐकलं जात नाही आणि परवानगी घेतलेली आहे, असं तिचं म्हणणं होतं. परवानगी खरंच घेतलेली होती. लोकांनी ती न वाचता दिली होती.

स्मार्ट टीव्हीवर पाहिलं तर सुरक्षित का?

टीव्हीचा वेगळा प्रश्न आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावरचं चित्र ओळखणारी सोय असते. पडद्याचे छोटे नमुने घेऊन ती साठ्याशी ताडून पाहते आणि तुम्ही काय पाहताय ते टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला कळतं. सेट-टॉप बॉक्स जोडून पाहिलं तरी हे चालू राहू शकतं. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीनं 1.1 कोटी टीव्हींवरून नीट न सांगता अशी माहिती गोळा केली, असा आरोप होता. 2017 मध्ये तिनं 22 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आपल्या टीव्हीत सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीवर 'लाइव्ह प्लस' अशी नावं शोधा आणि बंद करा. सामना दिसण्यात काडीचा फरक पडत नाही.

लॉजच्या किंवा मित्राच्या टीव्हीवर लॉगिन केलं असेल, तर निघण्याआधी लॉगआउट करा. विसरलात तर फोनवरून उपकरणांची यादी उघडून तिथून काढा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट मॅचची लिंक येते. नुसती पाहायला काय हरकत?

हरकत मोठी आहे. प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल टाकायला सांगणारी लिंक असेल तर हात लावू नका. अशी ॲप एसएमएस वाचायची किंवा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ती दिली, की बँकेचा ओटीपी चोराच्या हातात आणि फोनचा पडदाही त्याच्या ताब्यात. टाकून बसला असाल तर आधी इंटरनेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता वाढते.

कार्डाचा नंबर ॲपकडे राहतो का? आणि हंगाम संपल्यावरही पैसे का कापले जातात?

ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यापाऱ्याला तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याच्याकडे टोकन, म्हणजे नंबराऐवजी वापरायचा संकेतांक असतो. हा चांगला बदल आहे.

पैसे कापले जातात ते तुम्ही दिलेल्या ऑटोपेच्या आदेशामुळे. ॲप फोनवरून काढून टाकलं तरी आदेश जिवंत राहतो. ज्या यूपीआय ॲपमधून तो दिला, तिथे 'ऑटोपे' किंवा 'मँडेट्स' उघडून रद्द करा. पैसे कापण्याच्या 24 तास आधी सूचना यायला हवी. सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि बंद करणं मुद्दाम अवघड ठेवलं असेल, तर नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती अनुचित प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

मामाच्या मुलाला पासवर्ड दिला आहे. चालेल?

कंपनीच्या अटी बहुतेक वेळा एका घरापुरत्याच असतात. खासगीपणाच्या बाजूनं पाहिलं तर त्याला तुमचं पाहणं दिसतं, तुम्हाला त्याचं. दोघांनाही ते चालत असेल तरी पासवर्ड बँकेचा किंवा ईमेलचा नसावा.

मी अमेरिकेत किंवा युरोपात राहतो. मला कोणता कायदा लागू?

ब्रिटन आणि युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यामुळे तुमची स्थिती भक्कम आहे. कंपनीकडे स्वतःच्या माहितीची प्रत मागा, साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं.

अमेरिकेची गोष्ट रंजक आहे. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव पुढे आलेल्या रॉबर्ट बोर्क यांच्या घरी कोणत्या व्हिडिओ कॅसेट भाड्यानं नेल्या, याची यादी एका वृत्तपत्रानं छापली. दुसऱ्याच वर्षी व्हिडिओ पाहण्याची नोंद गुप्त ठेवणारा कायदा झाला. कॅसेटसाठी केलेला तो कायदा आज स्ट्रीमिंगला लावला जातो. फुबो या खेळांच्या स्ट्रीमिंग सेवेनं अशा दाव्यात 34 लाख डॉलरची तडजोड केली. न्यूयॉर्कमधल्या संघीय अपील न्यायालयानं 2024 मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगविरुद्धचा असाच दावा पुढे चालू द्यायला सांगितलं, तर 2025 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच कायद्याचा अर्थ आखूड केला. म्हणजे अजून ओढाताण चालू आहे. एवढं मात्र खरं, की काय पाहतो ही माहिती जपण्यासारखी आहे हे तिथल्या कायद्यानं 1988 मध्येच ओळखलं. आपल्याकडे तसा वेगळा कायदा हवा, असं मला ठामपणे वाटतं.

व्हीपीएन (आपलं खरं ठिकाण लपवून दुसऱ्या सर्व्हरमार्फत इंटरनेट वापरण्याची सोय) लावून भारतातलं ॲप पाहिलं तर?

सेवेच्या अटींचा भंग होतो, खातं बंद होऊ शकतं. फुकटच्या व्हीपीएनमध्ये तुमची सगळी वर्दळ एका अनोळखी कंपनीच्या हातून जाते, म्हणजे एका डोळ्याऐवजी दुसरा डोळा. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात.

कंपनीला लिहायचं कसं?

ॲपच्या गोपनीयता धोरणाच्या शेवटी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. नोंदणीकृत ईमेलवरून लिहा, तारीख जपून ठेवा. नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर कंपनीला 90 दिवसांच्या आत तक्रार निकालात काढावी लागेल आणि त्यानंतर मंडळाकडे जाता येईल. आज लिहिलेलं पत्र तेव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडेल. मजकूर असा ठेवता येईल:

"मा. तक्रार निवारण अधिकारी,
मी आपल्या सेवेचा ग्राहक आहे. नोंदणीकृत मोबाइल नंबराचे शेवटचे चार अंक ____. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: माझ्याबद्दल आपल्याकडे कोणती माहिती आहे, त्यात माझ्या पाहण्यावरून बांधलेले अंदाज व गट यांसह, ती कोणत्या कंपन्यांना दिली गेली, ती किती काळ ठेवली जाते. जाहिरात आणि विपणनासाठी दिलेली माझी संमती मी मागे घेत आहे. या कारणासाठी माझा नंबर, हॅश केलेल्या रूपातही, कोणालाही देऊ नये. माझ्या खात्यातील ____ हे जुने प्रोफाइल त्याच्या पाहण्याच्या नोंदींसह पुसून तसे कळवावे. आपले गोपनीयता धोरण मराठीत उपलब्ध करून द्यावे. उत्तर याच ईमेलवर मिळावे."